समुद्राकाठी तानपुरा

पडद्यामागून : वाचकांचे प्रश्न

या खेपेला पत्रं बरीच आलीत, पण त्यातल्या एकानंच माझी निम्म्याहून जास्त जागा खाल्ली. बाकीच्यांनी रागावू नये. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी गवई नाही. चाळीसेक वर्षं कोल्हापुरात आणि घाटाखाली मैफलींच्या बैठका लावल्या, तानपुरे जुळवले, गवयाच्या मागं बसून ते छेडले. त्यामुळं रागाच्या शुद्धतेबद्दल विचाराल तर दुसरीकडं पाठवीन. सतरंजी कुठं घालायची ते विचारा.

प्रश्न : आमचं गाव सिंधुदुर्गात, अगदी किनाऱ्यावर. गावाचं नाव छापू नये ही विनंती, कारण नाट्यगृह आमचंच आणि तक्रारही आमचीच. हिवाळ्यात आमच्या मंडळानं पुण्याच्या एका फार मोठ्या गायकांना बोलावलंय. ते यायला तयार आहेत, तारीख मात्र आम्ही कळवायची आहे. मागच्या वेळी एक गायिका आल्या होत्या. तानपुरे सारखे उतरत होते, तबलजी हातोडी खाली ठेवीना, आणि मागची खिडकी उघडी राहिल्यानं लाटा ऐकू येत होत्या. बाईंनी पाऊण तासात भैरवी घेऊन मैफल संपवली. या वेळी तसं होऊ नये म्हणून काय करावं? राहायची उत्तम सोय आहे, जेवणाचं तर बोलायलाच नको. (मंडळाचे चिटणीस)

उत्तर : चिटणीससाहेब, जेवणाचं बोलायलाच नको म्हणालात, पण पत्राच्या तीन पानांपैकी दीड पान जेवणाचंच आहे. सुरमई, सोलकढी, कोंबडी-वडे, शिवाय गायक शाकाहारी निघाले तर काळ्या वाटाण्याची आमटी. छापताना मी ते गाळलं, नाहीतर वाचक मासिक ठेवून ताटावर बसले असते. पाहुण्यांचा पाहुणचार तुम्ही चोख करणार याबद्दल मला शंका नाही. वाद्यांच्या पाहुणचाराबद्दल मात्र पत्रात एक ओळ नाही.

तानपुरा म्हणजे वाळवलेला भोपळा, पातळ लाकडाची तबली, दांडी आणि चार तारा. आमच्याकडचे बहुतेक तानपुरे मिरजेचे, त्यांचे भोपळे पंढरपूरकडच्या शेतातले. म्हणजे वाद्याचा जन्म सगळा कोरड्या मुलखातला. ते आमच्याकडं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर नांदतं आणि तुम्ही त्याला एका दुपारीत फोंडा घाट उतरवून खाऱ्या हवेत आणून बसवता. लाकूड ओल पितं. खुंट्या फुगून अशा घट्ट बसतात की फिरवताना तार नेमकी जिथं थांबायला हवी तिथं न थांबता धक्क्यानं पुढं जाते. घोडीवरच्या तारेखाली जो दोरा असतो, ज्यामुळं जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झंकार, बोलते, तोही ओला होऊन मुका पडतो. तबल्याचं दुखणं वेगळं. त्याची पुडी, म्हणजे ज्यावर हात पडतो ते तोंड, बकऱ्याच्या चामड्याची. दमट हवेत ती सैलावते आणि सूर खाली येतो. मग रंगमंचावरचे दिवे लागले, की तीच पुडी सुकून ताणते आणि सूर चढतो. त्याच दिव्यांच्या उष्णतेनं तानपुऱ्याची तार मात्र लांबते आणि उतरते. एक चढतोय, दुसरा उतरतोय, आणि मधे गायक बसलेत. तुमच्या बाईंनी पाऊण तास काढला हीच माणुसकी समजा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर, आणि एका मोठ्या बुवांबरोबर मी दोन तानपुरे घेऊन तुमच्याच बाजूला आलो होतो. बुवांचं नाव सांगत नाही. ते आता नाहीत आणि चूक माझी होती. आदल्या रात्री पोचलो. लॉजवर एकच एसीची खोली जास्तीची मिळाली. मी विचार केला, बाहेर एवढी दमट हवा, तानपुरे बिचारे एसीत सुखानं राहतील. त्यांना खोलीत ठेवलं, दाराला कुलूप घातलं आणि स्वतः व्हरांड्यात चादर टाकून झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे अगदी शेवटच्या घडीला, त्यांना तसेच थंडगार उचलून नाट्यगृहात आणलं. तिथं एसी नव्हता, पंखे होते. गवसणी, म्हणजे वरची खोळ, काढली आणि बघतो तर काय, फ्रीजमधून काढलेल्या ताकाच्या तांब्यासारखं भोपळ्याला पाणी सुटलेलं. धोतराच्या सोग्यानं पुसतोय, पुसलं की परत घाम. तसाच जुळवला, तसाच बसलो.

बुवांनी पूरिया धनाश्री धरला. दोन मिनिटांत खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, खचला. त्यांनी मान थोडी वळवली. मी तारेचा सूर बारीक हलवणारा मणी सरकवला. परत खचला. परत मान. तिसऱ्या वेळी ते थांबले, मागं वळले, माझ्या हातातला तानपुरा घेतला, मांडीवर आडवा ठेवला आणि स्वतः जुळवायला लागले. बारा मिनिटं. मी घड्याळात बघत होतो म्हणून आकडा माहीत आहे. सहाशे माणसं बसलेली, कोणी खाकरलं नाही. समुद्र तेवढा बोलत होता. तानपुरा परत देताना बुवा हळूच म्हणाले, "काल रात्री कुठं ठेवला होतास?"

"एसीत."

"आणि तू कुठं झोपलास?"

"व्हरांड्यात."

"मग यांनाही तिथंच झोपवायचं होतंस की."

तेव्हा चिटणीससाहेब, पहिली गोष्ट ही. तानपुरे आदल्या दिवशी सकाळी गावात आणा आणि जिथं मैफल होणार त्याच नाट्यगृहात ठेवा. लॉजवर नको, अध्यक्षांच्या बंगल्यावर नको. नाट्यगृहात एसी असेल आणि मैफलीत तो चालू ठेवणार असाल, तर दुपारी तीनपासूनच तो तेवढ्याच थंडीवर लावा आणि वाद्यं रंगमंचावर उघडी ठेवा. मैफल पंख्यांवर होणार असेल तर रंगपटातलाही एसी बंद. रंगपटात थंड आणि रंगमंचावर दमट, यासारखं वाईट काही नाही. मैफलीत जे दिवे लावणार तेच दिवे चारपासून लावून ठेवा. वीजबिलाची काळजी करू नका, एका हाराच्या पैशात भागतं. पंख्यांचं वारं थेट माईकवर आलं तर भुसभुस ऐकू येते, म्हणून गायकांच्या समोरचा पंखा बंद ठेवून बाजूचे लावायचे.

घाट उतरताना तानपुऱ्याच्या तारा थोड्या उतरवून ठेवायला सांगा आणि गाडीच्या मागच्या सीटवर भोपळा घट्ट बसेल असा, खाली गादी घालून निजवा. त्याच्यावर कोणाची बॅग नको. माझ्यादेखत एकदा भोपळ्यावर आंब्याची पेटी ठेवली होती, पुढचं सांगत नाही. तारांचा एक जादा संच जवळ ठेवा. खाऱ्या हवेत पोलादी तार एका रात्रीत तांबूस होते आणि तांबूस झालेली तार बोलत नाही. रात्री गवसणी घालण्याआधी तारा कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायच्या. खुंटी अडायला लागली तर काढून तिला शाळेतला खडू चोळा. तबलजींना फोन करून सांगा की समुद्राकाठची हवा आहे, दोन पट्ट्यांचे तबले आणा. मागच्या वेळचे तबलजी हातोडी खाली ठेवत नव्हते, त्यात त्यांचा दोष नव्हता. तबल्याच्या अंगावरचे लाकडी गठ्ठे ठोकून ठोकून बिचाऱ्याचा हात दुखला असेल.

आता लाटा. खिडकी बंद करा हे तर मी सांगणारच, पण तारीख तुमच्या हातात आहे म्हणून आणखी एक सांगतो. त्या बारा मिनिटांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर तोंड पाडून बसलो होतो. शेजारी एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जाळं उसवत होता. त्याला म्हटलं, काल तुमचा समुद्र फारच ओरडत होता. तो म्हणाला, ओरडणारच, काल नवमी होती. मग त्यानं हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता पूर्ण भरती. नवमीची पाऊणपट पावणेसात. म्हणजे बुवा बसायला आणि समुद्र भिंतीशी यायला एकच वेळ. हा हिशेब तुमच्या गावात शेंबडं पोरही जाणत असेल, मला घाटावरच्याला तो त्या दिवशी कळला. पण मैफलीची तारीख ठरवताना मंडळातल्या कोणी तो केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. सगळे रविवार बघतात.

करून बघा. तुम्हाला सात ते दहा ओहोटी हवी. तृतीयेला भरती सव्वादोनची, म्हणजे रात्री साडेआठच्या सुमाराला समुद्र पार लांब गेलेला. चतुर्थीही चालते, शुद्ध असो की वद्य, समुद्राला दोन्ही सारखंच. वद्य चतुर्थी मात्र माणसांच्या दृष्टीनं नको. ती संकष्टी. उपास असलेली निम्मी मंडळी चंद्रोदयाला, म्हणजे नेमकी बडा ख्याल रंगात आला की, मोदकाकडं पळतील. मार्गशीर्षातला गुरुवारही टाळा, घरोघरी महालक्ष्मीचा घट असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी आसपास कुठल्या देवाची जत्रा नाही ना, ते बघा. हिवाळा म्हणजे तुमच्याकडं जत्रा आणि दशावताराचा हंगाम. दशावतारी नाटक रात्रभर रंगतं, त्याच्यापुढं पुण्याचा गायक असो की दिल्लीचा, गर्दी तिकडंच जाणार आणि मला विचाराल तर त्यात चूकही काही नाही. वर त्यांचा लाऊडस्पीकर तुमच्या गांधारात येऊन बसेल.

माईकबद्दल थोडक्यात. ध्वनिवाला गावातलाच असेल तर त्याला लग्नाची सवय असते, सगळं मोठ्यानं. त्याला दुपारी बसवून सांगा की आवाज शेवटच्या रांगेत पोचला की झालं, छातीत धडधडायला नको. तानपुऱ्यासमोर वेगळा माईक ठेवलाच तर तो भोपळ्याला चिकटवू नये, हातभर लांब. गायकांना स्वतःचा आवाज ऐकू येणारा छोटा स्पीकर त्यांच्या डाव्या-उजव्या अंगाला, तोंड माईककडं नसलेला, नाहीतर शिट्टी मारतो. जनरेटर इमारतीच्या मागं लांब ठेवा.

आणि सत्कार. तुमच्या पत्रासोबत कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा मसुदा जोडलाय, त्यात दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, तीन सत्कार, दोन मनोगतं आणि आभार हे सगळं मैफलीच्या आधी. पंचावन्न मिनिटं होतात, मी मोजली. जुळवलेली वाद्यं पंचावन्न मिनिटं दिव्याखाली अशीच पडून राहणार, वर नारळ-शाल देणाऱ्यांचे पाय तानपुऱ्याच्या दांडीवरनं. सत्कार मध्यंतरात करा. अध्यक्ष रागावतील, रागावू देत. त्यांना म्हणावं कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्यानं लिहिलंय, त्याला जाब विचारा.

बैठक जमिनीपासून एक हात उंच. सतरंजीवर गादी, गादीवर चादर, चादरीची टोकं खाली खोचलेली. पुढं फुलांची आरास गायकांचा चेहरा झाकेल एवढी नको. पाणी कोमट, थर्मासमध्ये. आणि ते जेवण हो, जे दीड पान लिहिलंत, ते मैफलीनंतर. आधी वाढलंत तर गायक नाही म्हणणार नाहीत, पण तार सप्तकाला नाही म्हणतील.

प्रश्न : माझी यंदा गायनाची परीक्षा आहे. घरी तानपुरा नाही. मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर रियाज केला तर चालेल का? आमचे सर नको म्हणतात. (गडहिंग्लजहून एक विद्यार्थिनी)

उत्तर : चालेल, बाळ. सरांना माझा नमस्कार सांग. मोबाइल उतरत नाही, थकत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. फक्त फोनच्या स्पीकरवर खर्ज नीट ऐकूच येत नाही, म्हणून तो बरा स्पीकर जोडून ऐक. आणि महिन्यातून एकदा तरी सरांकडं जाऊन खरा तानपुरा स्वतः जुळव. पहिल्यांदा तासभर लागेल. तो तास रियाजातच मोज. तुझा कान त्या तासात जेवढा तयार होतो, तेवढा मोबाइलसमोर महिनाभर बसून होत नाही.

प्रश्न : संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले यांच्या काळी माईक नव्हता. मग त्यांचं गाणं थिएटरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं कसं? की हे सगळं जुन्या लोकांनी वाढवून सांगितलेलं? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : थोडं वाढवलेलं असेल, आपल्याकडं मिसळीचा तिखटपणाही वाढवून सांगतात. पण मूळ खोटं नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ चं. तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. आमचे वडील तिथं पडदा ओढायचे आणि शेवटपर्यंत त्याला पॅलेसच म्हणायचे. केशवरावांचा जन्म कोल्हापूरचाच, १८९० चा, आणि १९२१ मध्ये ते गेलेसुद्धा. उणीपुरी एकतीस वर्षं मिळाली त्या माणसाला. त्यातही १९०८ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची कंपनी काढली होती.

आवाज पोचायचा कारण गाणारे वरच्या पट्टीत गायचे, तोंड प्रेक्षकांकडं करून गायचे, आणि साथीला पायपेटी, सारंगी, तबला एवढंच. केशवरावांचा आवाज तर चढा आणि धारदार म्हणूनच नावाजलेला. दुसरं कारण मला जास्त पटतं. त्या काळी कानांवर दिवसभर स्पीकर आदळत नव्हते. शांतता म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बारीक हरकतही ऐकू जायची. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एक आवाज तलवारीचा, एक रेशमाचा, आणि मधे ना माईक, ना स्पीकर. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले.

वर ज्यांचं पत्र आहे त्या चिटणीससाहेबांनाही हे वाचून बरं वाटेल, की केशवरावांच्या कंपनीला 'हाच मुलाचा बाप' देणारे मामा वरेरकर तुमच्या कोकणातले. मालवणच्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. तेव्हा घाट चढून नाटकं वर यायची, आता घाट उतरून तानपुरे खाली येतात, फिटंफाट.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं नाट्यगृह जळालं, ते तुम्ही राजारामपुरीतून पाहिलंच असेल. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. शेजारी एक तरुण नट होता, तो रडत होता. मला रडू आलं नाही, कारण मला सारखं एकच दिसत होतं, उजव्या विंगेतली ती जागा, जिथं वडील दोरी हातात धरून उभे राहायचे. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

प्रश्न : इतक्या मोठमोठ्या गायकांच्या मागं बसून तानपुरा धरलात. सगळ्यात सुंदर कोण दिसायचं गाताना? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : काय माहीत. मला पाठी माहीत आहेत. समोरच्यांना चेहरे दिसतात, हातवारे दिसतात, आमच्या वाट्याला कुडत्याची शिवण आणि मानेवरचा घाम. पण पाठीवरनं बरंच कळतं. तान घ्यायच्या आधी काहींची पाठ ताठ होते, काहींची उलट सैल पडते. सूर मनासारखा लागला नाही तर डावा खांदा बारीकसा उडतो, ते समोर कळत नाही. त्या समुद्राकाठच्या रात्री बुवांचा खांदा तीनदा उडाला होता. मग ती बारा मिनिटं झाली, तानपुरा माझ्या हातात परत आला, त्यांनी षड्ज लावला. मी डोळे त्यांच्या पाठीवर ठेवून बसलो होतो. बराच वेळ काही हललं नाही. मग हळूहळू दोन्ही खांदे खाली आले, आणि मी पहिल्यांदा श्वास सोडला. कोल्हापूरला परत येऊन गवसणी झटकली तेव्हा तिच्यातून मूठभर वाळू पडली. ती अजून एका काचेच्या बाटलीत आहे, बायको दर दिवाळीला टाकून देऊ का म्हणून विचारते.